पाठकोरा कागद

३ फेब्रुवारी

मामा,

तुम्हाला आणि मामीला नमस्कार. तो आधीच करून घेते, कारण पुढचं वाचल्यावर तुम्ही आशीर्वाद द्याल असं काही वाटत नाही.

मला नोकरी लागली. रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत, सर्व्हर सांभाळायची. हो, तुमच्याच. खुर्चीसुद्धा तुमचीच आहे. डाव्या हाताला तुम्ही गुंडाळलेली काळी चिकटपट्टी अजून तशीच आहे आणि रोज माझ्या कोपराला चिकटते. आई म्हणाली, "मामाला कळवू नकोस, जीव जाळून घेईल." पण दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर तुम्ही माझाच जीव जाळला असता. वर्षभर घरी बसले होते, मामा. दुसरीकडे कुठेच काही जमलं नाही.

आता कामाचं. सर्व्हर दिवसभरात जे जे करतो ते लॉगमध्ये लिहून ठेवतो, ते मी रोज सकाळी वाचते. तुम्हीच लावलेली सवय. तर रोज, न चुकता, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तीच एक चूक येते: "बॅकअपची डिस्क सापडत नाही." पावणेतीनच्या सुमाराला डिस्क आपोआप परत सापडते. बॅकअप मात्र दोनला सुरू होऊन दहाच मिनिटांत तुटलेला असतो. तुमच्यानंतर या खुर्चीवर दोघं आले आणि दोघंही याच चुकीपायी पळाले.

माझी नोकरी सहा महिन्यांची, कच्ची आहे. २० मार्चला तपासणी समिती येणार. तोवर ही चूक गेली नाही तर माझी पाठवणी नक्की. तुम्ही फोन टाकून दिलात, कॉम्प्युटर विकलात, म्हणून पोस्टाच्या पेटीपर्यंत चालत गेले. काहीतरी सांगा.

तुमची,
ठकू


९ फेब्रुवारी

ठके,

पत्र पोचलं. वाचून मामीला दिलं. ती म्हणाली, पोरीला नोकरी लागली, तोंड गोड करा. मी म्हटलं, माझं तोंड त्या बोक्यानं दोन वर्षांपूर्वी असं कडू केलंय की साखरेचं पोतं रिकामं केलं तरी उतरायचं नाही.

तू लहान होतीस का तेव्हा? नव्हतीस. सगळं डोळ्यांनी पाहिलंस. मामीच्या गुडघ्याचं ऑपरेशन म्हणून बावीस वर्षांत पहिल्यांदा सलग सतरा दिवस रजा घेतली. अठराव्या दिवशी सकाळी कामावर गेलो तर मुख्य डिस्क बसलेली, आणि बॅकअपमध्ये अर्धामुर्धा कचरा. चौदा महिन्यांचे रिपोर्ट गेले. लोकांना पुन्हा सुया टोचून घ्याव्या लागल्या. चौकशीत त्या बोक्यानं, म्हणजे तुमच्या मोठ्या साहेबानं, लिहून दिलं, "अशी कोणतीही त्रुटी माझ्या निदर्शनास आली नव्हती, कर्मचाऱ्याने बॅकअपची व्यवस्था लावलीच नव्हती." मी म्हटलं, लॉग बघू द्या. तर मला खोलीत पाऊल ठेवू दिलं नाही. बावीस वर्षं ज्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला होती, तिच्या दारात चोरासारखा उभा केला मला. खालचा शिंपी अजून माझ्याशी बोलत नाही. त्याच्या बायकोचे सगळे जुने रिपोर्ट त्यात होते.

आणि तू त्या बोक्याच्या दारात जाऊन बसलीस. बस. चूक येते ना रोज? येऊ दे. गोड वाटतं ऐकायला. रोज दुपारी दोन दहाला मी घड्याळाकडे बघणार आणि म्हणणार, भोग लेका.

कागद जुना म्हणून नाक मुरडू नकोस. मशीनच्या चुका रोज आपोआप कागदावर छापून घ्यायची माझी पद्धत होती, बोका तिला हसायचा. मला काढल्यावर शिपायानं माझा कप, चपला आणि प्रिंटरच्या ट्रेमध्ये साठलेला गठ्ठा एका खोक्यात भरून घरी आणून टाकला. मशीनचं एक अक्षर पुन्हा वाचणार नाही अशी शपथ घेतलीय, तेव्हा छापील बाजूकडे मी बघत नाही. पण कोऱ्या पाठीनं माझं काय घोडं मारलंय? पाठकोरा कागद टाकवत नाही मला.

मामा


१५ फेब्रुवारी

मामा,

शिव्या पोचल्या. मामीनं शेजाऱ्यांच्या फोनवरून सांगितलं की पत्र टाकून आल्यावर तुम्ही दोन दिवस धड जेवला नाहीत. म्हणून मी रागावले नाही. थोडी रागावले.

पण माझं ऐकून तरी घ्या. केबल बदलली. बॅकअपची डिस्क असते तो डबाच नवा मागवला, तरी तेच. तुमच्या रजेच्या पहिल्याच दिवशी सर्व्हरच्या खोलीत छत गळलं, तेव्हा जुना डबा साहेबांच्या केबिनमध्ये हलवला होता ना, नवाही तिथंच ठेवलाय. सोफ्याच्या शेजारच्या फळीवर. मी बघायला जाते तेव्हा हिरवा दिवा लागलेला, आतला पंखा घरघर करत असतो, एकदम शहाणा. दोन ते तीन मात्र केबिनमध्ये कुणाला जाता येत नाही. साहेब महत्त्वाच्या फोनवर असतात म्हणे.

लॉगमध्ये रोज तीन ओळी असतात. २:१०, डिस्क सापडत नाही. २:४७, डिस्क सापडली. २:५२, इशारा पाहिला, मोठे साहेब. म्हणजे इशारा त्यांच्या स्क्रीनवर जातो, ते "ठीक आहे"चं बटण दाबतात, आणि मग बाहेर येऊन मलाच झापतात! काल सगळ्यांसमोर म्हणाले, "मामा गेला आणि भाची ठेवून गेला. खाण तशी माती." सगळे फिदीफिदी हसले. मला मेमो मिळालाय. दुसरा मिळाला की घरी.

मामा, तुम्हाला त्या माणसाचा सूड घ्यायचाय ते मला कळतं. मलाही कालपासून घ्यावासा वाटतोय. पण मी इथून हाकलली गेले तर त्याला काय फरक पडणार? तो आणखी एक माणूस आणेल.

सांगा ना.

ठकू


२० फेब्रुवारी

माझी गुणाची ठकू,

तुझं पत्र वाचून माझंच मला वाईट वाटलं. म्हाताऱ्याचा राग, जास्त मनावर घेऊ नकोस. मामी म्हणाली, "लेकरावर कसला राग काढता?" तिचं पटलं मला. चुकतं माणसाचं.

आता नीट ऐक, मी बावीस वर्षांचा अनुभव सांगतोय. तुझी चूक डब्यात नाही, केबलमध्ये नाही. जुने लॉग फार साठले की मशीन गोंधळतं आणि समोरची वस्तूही त्याला दिसत नाही. लॉगच्या डिस्कवर जुन्या वर्षांच्या बांधून ठेवलेल्या फायली असतील. माझ्या वेळच्यासुद्धा. त्या सगळ्या पुसून टाक. एकही ठेवू नकोस. मग चुका नोंदवण्याची पातळी इतकी खाली आण की ही चूक लिहिलीच जाणार नाही. तपासणीच्या आधी हे उरकून घे, आणि साहेबाला अवाक्षर बोलू नकोस, तो उगाच नाक खुपसेल.

एवढं केलंस की २० मार्चला बघ कशी मजा येते. समिती आली की मला पत्रानं सगळं कळव. साहेबाचा चेहरा कसा होता तेही लिही, ते वाचायला मला फार आवडेल.

मामीचा गुडघा आता बरा आहे. जिना चढते.

तुझा प्रेमळ,
मामा


१ मार्च

मामा,

तुम्ही लिहिलंत तसं सगळं केलं. जुने लॉग एकूण एक पुसले. खरं सांगू? बोट जरा अडखळलं. पुस्तकात याच्या उलट लिहिलंय. पण मनात म्हटलं, पुस्तक मोठं की मामा? आणि दाबलं बटण. चूक लिहायचं बंद करण्याआधी मात्र एक दिवस थांबले, गेली का ते बघायला. दुसऱ्या दिवशी दोन दहाला चूकबाई हजर, म्हणून ते बंद केलंच नाही.

मग काय झालं ते ऐका, खुर्ची घट्ट धरून ऐका.

चहा करणाऱ्या मावशी आहेत, तुमच्या वेळच्याच. मी डोकं धरून बसले होते तर म्हणाल्या, "पोरी, सारखं दोन दहा, दोन दहा काय करतेस? ती तर साहेबांची झोपायची वेळ." मी म्हटलं, "म्हणजे?" त्या म्हणाल्या, "जेवले की दार लावून सोफ्यावर पडतात. त्या डब्याची घरघर कानाशी होते, झोप लागत नाही, म्हणून आधी त्याचं बटण बंद करतात. उठले की आठवणीनं चालू करतात हो, तसे व्यवस्थित आहेत. डबा इथं आल्यापासूनची सवय आहे."

मामा! डुलकी! चौदा महिन्यांचे रिपोर्ट, तुमची बावीस वर्षं, एवढ्या लोकांच्या दंडातल्या सुया, सगळं त्या माणसाच्या डुलकीपायी! तुमच्या रजेतले सतरा दिवस तो रोज डबा बंद करून घोरत होता. नवी प्रत जुनीवर चढते, म्हणून रोजच्या अर्धवट प्रतीनं आधीची धडधाकट प्रतही खाल्ली. आणि उठल्यावर इशारा बघून "ठीक आहे" दाबत होता. "माझ्या निदर्शनास आली नव्हती" काय? सतरा वेळा आली होती, आणि लॉगमध्ये सतरा वेळा त्याचं नाव होतं!

मी उड्या मारत जुने लॉग उघडायला गेले. आणि मग आठवलं की ते मीच पुसलेत, आठवड्यापूर्वी. कुठंच प्रत नाही. आजच्या ओळी आहेत, पण त्यावर तो म्हणेल, ही सवय हल्लीची. तेव्हाचं काय?

मामा, तुम्ही चुकून सांगितलंत ना? दोन वर्षं मशीनला हात लावला नाहीत, विसरला असाल. तसं असेल तर तसं लिहा. मला झोप येत नाहीये.

ठकू


६ मार्च

ठके,

चुकून नाही सांगितलं.

आता सगळं लिहितो, मामीला वाचून न दाखवता. जुन्या लॉगनं मशीन गोंधळत नसतं, हे मला झोपेत उठवून विचारलं तरी सांगेन. मी ठरवून खोटं लिहिलं. लॉग नसलेली प्रयोगशाळा तपासणीत नापास होते. समितीसमोर त्या बोक्याची बेअब्रू व्हावी, एवढंच मला दिसत होतं. त्यात तू चिरडली जाशील हेही दिसत होतं. मी म्हटलं, जाऊ दे, गेलीच कशाला होती तिकडे? मी लिहिलं "माझी गुणाची ठकू" आणि लिहिताना हसत होतो. मांडीवर खेळवलेल्या पोरीला खड्ड्यात ढकलताना हसत होतो मी.

आणि खड्ड्यात पडलं कोण? दोन वर्षं जो पुरावा मागत दारात उभा राहिलो, तो तिथं सुखरूप पडून होता. त्या बोक्याला तो पुसायची अक्कल नव्हती. ती मी तुला शिकवली. तू १५ तारखेच्या पत्रात तिसरी ओळ लिहिली होतीस, "इशारा पाहिला, मोठे साहेब." माझ्यासारख्या माणसानं ती वाचून ताडकन उठायला हवं होतं. पण मला फक्त सूड दिसत होता. आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा मारला, आणि वर तुझ्याही पायावर.

समितीला सांग की मामानं फसवलं. माझं नाव घे. मला आता जपायला नाव राहिलेलं नाही. तुझं तरी राहू दे.

शिंपी आजही बोलला नाही. बरोबरच आहे त्याचं.

मामा


११ मार्च

मामा,

पत्र वाचलं आणि तुम्हाला काय काय म्हटलं ते लिहीत नाही. आई शेजारीच होती, तिनं कानांवर हात ठेवले. मी तुमची सगळी पत्रं चुरगळून केराच्या टोपलीत टाकली. "माझी गुणाची ठकू"चा तर बोळा करून दूर फेकला. तो टोपलीबाहेर पडला, म्हणून उचलायला गेले. तेव्हा त्याची छापील बाजू वर होती.

तुम्ही छापील बाजू बघत नाही. पण मी का बघितली नव्हती? पाठकोरा कागद मामाची खोड, म्हणून सोडून दिलं होतं.

मामा, तुमचा प्रिंटर तुमच्या रजेतही चालू होता. रोज फक्त चुका छापायचा, म्हणून सतरा दिवस एकाच पानावर मावलेत. दोन वर्षांपूर्वीच्या तारखा, प्रिंटरचा अनुक्रमांक, कडेला भोकं. आणि सतरा वेळा, एकाखाली एक: डिस्क सापडत नाही, डिस्क सापडली, इशारा पाहिला, मोठे साहेब. मी इस्त्री करून पान सरळ केलं. कोपरा जरा करपलाय.

आता खरी गोची सांगते. हे पान समितीला दिलं की ते उलटं करून बघणारच. पाठीवर तुमचं अक्षर आहे: जुने लॉग पूस, माझ्या वेळचेसुद्धा, एकही ठेवू नकोस, साहेबाला सांगू नकोस. वाचणारा काय म्हणेल? म्हणेल, चोर आपल्या पाऊलखुणा भाचीकडून पुसून घेतोय. मग सोबत तुमचं ६ मार्चचं पत्रही द्यावं लागेल, ज्यात तुम्ही भाचीला का फसवलंत ते तुम्हीच लिहिलंय. ते सगळ्यांसमोर वाचलं जाईल. मावशी, शिपाई, फिदीफिदी हसणारे, सगळे असतील. मीही सापडेन. लॉग मीच पुसलेत.

झेरॉक्स काढून फक्त एक बाजू देता येईल. पण अशी छापील ओळ काय, कुणीही कालच छापेल. ती खरी वाटेल ती जुन्या कागदामुळेच.

दोन्ही बाजू देऊ का? तुमच्या हो-नाहीवर आहे. मी रागावलेली आहेच, ते वेगळं.

ठकू


१५ मार्च

ठकू,

दे.

दोन्ही बाजू दे, ६ तारखेचं पत्रही दे. माझी बाजू आधी वाच, मोठ्यानं वाच, आणि "हसत होतो मी" तिथं थांबून पुन्हा वाच. मग पान उलटव. तो बोका माझी फजिती ऐकून खुश झालेला असला पाहिजे, तेव्हाच उलटव. माझ्या अब्रूवरचं हसू त्याला फुकट मिळता कामा नये.

उरलेला गठ्ठा मी तपासला. शपथ मोडली. त्यात बाकी काही कामाचं नाही. तेच एक पान होतं आणि नेमकं त्याच्यावरच मी ते पत्र लिहिलं.

हा कागद दुकानातून विकत आणलाय. दोन्ही बाजूंनी कोरा आहे, हात लावायला भीती वाटते.

मामा


२१ मार्च

मामा,

काल समिती साहेबांच्या केबिनमध्येच बसली, साडेबारा ते साडेचार. प्रमुख बाई आहेत, पांढऱ्या केसांच्या, चष्म्याला साखळी. कमी बोलतात. मी तुम्ही सांगितलंत तसंच केलं. तुमची बाजू आधी वाचली. "हसत होतो मी" दोनदा वाचलं. साहेब खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "बघा, मी म्हणत नव्हतो? पुरावा पुसायला भाचीला पाठवलंन. असली माणसं ही."

मग मी पान उलटवून बाईंपुढे ठेवलं.

साहेबांच्या चेहऱ्याचा रंग बदलला नाही. म्हणाले, "असा कागद कुणीही करू शकतं. आणि ही चूक तर रोजच येते, मशीनच खराब आहे. माझा काय संबंध?" बाईंनी घड्याळ बघितलं. तीन वाजले होते. मला म्हणाल्या, "रोज येते ना? मग आजची नोंद दाखवा." मी लॉग उघडला. दोन दहा, काही नाही. दोन सत्तेचाळीस, काही नाही. बॅकअप दोनला सुरू, तीनला एक मिनिट कमी असताना पूर्ण. मामा, दोन वर्षांत पहिल्यांदा पूर्ण! बाई म्हणाल्या, "मशीन खराब आहे तर आजच बरं कसं झालं?"

तेवढ्यात मावशी चहाचा ट्रे घेऊन आत आल्या आणि सहज म्हणाल्या, "आज साहेबांना पडायला मिळालंच कुठं?"

साहेबांचा चेहरा कसा होता ते लिही म्हणाला होतात. जांभई दाबत होता तो. डोळ्यांत पाणी आलं होतं जांभईनं. कपातला चहा बशीत सांडला. मला एवढं बरं वाटलं मामा, की शरम वाटायला हवी होती, पण नाही वाटली. फिदीफिदी हसणाऱ्यांतलं कुणी हसलं नाही. बाईंनी मावशींकडून डब्याच्या बटणाचं सगळं ऐकून घेतलं, त्याच्याकडून केबिनची किल्ली काढून घेतलीय आणि तुमची चौकशी पुन्हा उघडलीय. मला लॉग पुसल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली, कच्ची नोकरी आणखी सहा महिने. ती मला मान्य आहे.

तुमच्यावरचा माझा राग उतरलेला नाही. तेव्हा माझाही सूड ऐका. २८ तारखेला समितीनं तुम्हाला बोलावलंय, साक्षीला. यायचं. खोलीच्या दारात उभं राहायचं नाही, आत यायचं. चिकटपट्टीच्या खुर्चीत बसायचं, मी समोर उभी असेन. आणि सगळ्यांदेखत माझ्या डोळ्यांत बघून सांगायचं, भाचीला खोटं का सांगितलंत. माफी द्यायची का ते मी त्यानंतर बघीन. येताना शिंप्यालाही घेऊन या, ऐकू दे त्यालाही.

तुमचा प्रिंटर माळ्यावरून काढून जोडला, चालतो अजून. काल संध्याकाळी त्यानं दिवसभराच्या चुका छापल्यावर ते पान मी मुद्दाम वेगळं काढलं. वर तारीख आहे, खाली अनुक्रमांक, मध्ये सगळं रिकामं. हे पत्र त्याच्याच पाठीवर लिहिलंय. या वेळी उलटून बघा.

ठकू